उपाशी बशीतला ठिपका

तीस वर्षं झाली, पण ती काचेची बशी अजून डोळ्यांसमोर आहे. खोल समुद्रातल्या पाण्याचा शेवटचा नमुना मी बशांत पसरला, पण माझ्या हातून जीवाणूंचं खाद्य दहापट कमी पडलं. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, भडकले. "बाई, उपाशी मारलंत सगळ्यांना! आता पुन्हा जहाज कोण देणार आपल्याला?" मला त्या बशा फेकवेनात. अठराव्या दिवशी एकीत केशरी ठिपका दिसला, मोहरीहून बारीक. त्याची जनुकं आम्ही जगातल्या सगळ्या ज्ञात जीवाणूंशी ताडून पाहिली. एकाशीही जुळेनात. सरांनी ती बशी उजेडात धरली. "नवी प्रजाती आहे ही, बाई. भरल्या ताटावर मरते, म्हणून आजवर कुणाला सापडली नाही." माणूस नव्हता तेव्हापासून ती समुद्रात होती, आणि तिला पाहणारे पहिले आम्ही दोघं. तेवढ्यात शिपाई मोठ्यानं चहाचं विचारत आला. घरात तान्हं बाळ झोपलेलं असावं, तसं दोघांनीही ओठांवर बोट ठेवलं.