सापळ्यातले पतंग

कृषी खात्याच्या वर्षा मॅडमची स्कूटी आजही शेजारच्या देवसिंगच्याच बांधावर उभी होती.

संजय निंदण सोडून पाहत राहिला. मॅडमनी सापळ्याची पिशवी उन्हात धरली. आत बोंडअळीचे पतंग गच्च भरलेले. त्यांनी फोटो काढला आणि देवसिंगशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

तांड्यातल्या संजय-देवसिंगच्या या दोन वावरांत यंदा विषारी फवारणीचा थेंब पडला नव्हता. नुसते सापळे. सापळ्यातल्या गोळीच्या मादीसारख्या वासाला नर पतंग येतो आणि पिशवीत अडकतो. दोघांपैकी एकाचं वावर बिनविषारी कापसाच्या बियाण्यासाठी निवडलं जाणार होतं. तिथे त्या शेतकऱ्याच्या नावाची पाटी लागणार होती. संजयला ती पाटी स्वप्नातही दिसे.

"माह्या पिशवीत दोन-चारच पतंग," तो बायकोला म्हणाला. "त्याले ताज्या गोळ्या, मले जुन्या. अन् मॅडम आपल्याकडं आठवड्यातून एकदा, तेही बांधावरूनच!"

"मॅडमच्या मिटिंगमधून रुसून उठले नसते त काही समजलं असतं," शीला हसली. "देवसिंगदादाले पुढची खुर्ची दिली म्हणून!"

संध्याकाळी वाटेत देवसिंग भेटला.

"काय दादा, मॅडमनं लय लाडावून ठेवलं तुमाले!"

"लाड कायचा बापा," देवसिंग खाली पाहत म्हणाला. "जीव टांगणीले लागला."

सोंग! संजय तणतणत घरी गेला.

निवडीच्या दिवशी तांबडं फुटताच तो दोन वावरांमधला धुरा ओलांडून गेला. देवसिंगच्या एकेका पिशवीची गाठ सोडून त्याने पतंग पोत्यात ओतले आणि आपल्या सापळ्यांत भरले. पंखांच्या भुकटीने राखाडी झालेले हात कापसाच्या पऱ्हाटीच्या पानांना पुसले.

मॅडम आल्या. स्कूटीला मागे फडक्यात गुंडाळलेली पाटी बांधली होती. रिकाम्या पिशव्या पाहून देवसिंग खांबासारखा उभा राहिला.

"मॅडम, आमचे बी पाहा की!" संजय पुढे झाला. "कसे लटालट भरले!"

मॅडम त्याच्या सापळ्यांपाशी बराच वेळ थांबल्या. परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"देवसिंगदादा, सुटलात. पतंग हटले म्हणजे अळी हटली. रोज धडधडत्या काळजाने येत होते मी. पण संजयभाऊ, तुमच्याकडे एवढी अळी शिरली कधी?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पाटीचं फडकं सोडलं आणि त्याच फडक्याने तिच्यावरचं नाव पुसायला घेतलं. रंग अजून कच्चाच होता, तरी पुसता पुसता 'संजय' बराच वेळ वाचता येत होतं.