ओळखीची धून

फौजेच्या बँडमधून रिटायर होताना उंब्रजच्या गुंडामास्तरांनी ऑफिसर मेसमधली नाताळची एक जॅझ धून सोबत आणली आणि पुढं तीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात पाठवणीच्या वेळी ती सॅक्सोफोनवर वाजवली.

परवा नातीनं, अंकितानं, हौसेनं मास्तर आणि त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, साताऱ्याच्या कॅफेत नेलं. तिथं नेमकी तीच धून नव्या रूपात लागली होती. सॅक्सोफोन गायब, आणि मागं कुणीतरी बादली बडवत असावं.

"आबा, जुन्यापेक्षा हेच भारी वाटतंय," अंकिता म्हणाली.

"वाटंल की. पर माझी धून म्हणून आता कोण वळखतंय?" मास्तर कॉफीच्या फेसात बघत म्हणाले.

 

शेजारी बसलेल्या शालूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आवं, कुणाची लेक निघाली सासरला?"