उलटलेली कॉलर

शर्टांचा कारखाना बंद पडला आणि सुनेनं दुकान काढलं. बाजारात मंदी, गल्लीतली निम्मी दुकानं कुलपात. मी म्हणालो, "अगं, वीस वर्षं तू नुसत्या कॉलरीच शिवल्यास. अख्खा शर्ट तरी येतो का तुला?"

"नाही येत, बाबा. म्हणून तर पाटीवर लिहिलंय, फक्त कॉलर उलटून मिळेल."

सकाळीच एक गृहस्थ घाईनं आले. तासाभरात नोकरीची मुलाखत होती, आणि अंगातल्या एकुलत्या एक बऱ्या शर्टाची कॉलर पार विरली होती. सुनेनं ती उसवली, विरलेली बाजू खाली घातली, पुन्हा शिवली, इस्त्री फिरवली. गृहस्थ आरशात बघतच राहिले.

ते गेल्यावर मी विचारलं, "न बघता शिवलीस की काय?"

"बघायचं काय त्यात? माझाच टाका होता, बाबा. वीस वर्षांत शिवलेल्या सगळ्या आता विरायला लागल्यात, आणि नवा शर्ट घेतंय कोण?"

मी दारात येऊन उभा राहिलो. रस्ता माणसांनी भरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी लोकांच्या कॉलरींकडे पाहत होतो.