आपेलूचा स्पीकर

स्पीकरवरचा निळा दिवा लुकलुकायला हवा होता. तो स्थिर जळत होता.

"हा कोणाच्या तरी फोनला आधीच जोडलेला आहे," केलेमेते म्हणाला. विजेच्या खांबांवर चढण्यात त्याची उमर गेली होती. परंतु पुतण्या आपेलूने प्लायवूडच्या फळ्या आणि भंगारातल्या मोटारीचे स्पीकर जोडून घराच्या खांबाला पक्के ठोकलेले हे खोके त्याला मघापासून दाद देत नव्हते. "एका वेळी एकच फोन घेतो हा. माझ्या फोनच्या यादीत त्याचं नावसुद्धा येत नाही, आई."

सलाफाईने नातवाच्या शवपेटीवरची तलम चटई सारखी केली. बेटावरच्या इतर घरांसारख्या याही घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि छप्पर. खांबांपलीकडे आवारात सारे गाव मांडी घालून बसले होते, आणि गावाच्या पुढ्यात, घरापासून दहा पावलांवर, खड्डा तयार होता. मुलाचा बाप, तिचा थोरला सोलोमोना, क्वीन्सलंडच्या दवाखान्यात मोडलेला पाय टांगून पडला होता. बापाने निरोपाचे शब्द बोलल्याखेरीज आपेलूला उचलायचे नाही, आणि ते शब्द आपेलूने स्वतःच्या हातांनी केलेल्या स्पीकरमधूनच गावाने ऐकायचे, असे तिने सकाळीच सांगून टाकले होते. तिने एकदा सांगितले की या घरात त्यावर चर्चा होत नसे.

"सगळ्यांचे फोन बंद करून इथे आणा," ती म्हणाली.

माडाच्या पातीची टोपली रांगांतून फिरली. पाद्रीबाबांनीही आपला फोन मुकाट्याने दिला.

"तुझा दुसराही टाक, फिलोमेना," सलाफाईने नणंदेला बजावले.

"दुसरा कुठला बाई?"

"तुझ्या नवऱ्याला माहीत नाही तो."

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. दुसरा फोन टोपलीत पडला.

केलेमेतेने छपरावरच्या सौर पॅनेलकडून आलेली तार स्पीकरपासून सोडवली, दहापर्यंत मोजले आणि पुन्हा जोडली. दिवा दोनदा लुकलुकला. मग ओळखीचे माणूस दिसावे तसा स्थिर झाला.

"अजून एक फोन चालू आहे. इथंच, घरात," तो म्हणाला. "लपवू नका रे कोणी. दादा तिकडे ताटकळलाय."

शवपेटीच्या पायथ्याशी बसलेली आपेलूची आई लुपे रात्रीपासून एक अक्षर बोलली नव्हती. तिने मान वर केली नाही.

"त्याच्याजवळ आहे," ती म्हणाली. "झाकण लावायच्या आधी मी त्याचा फोन हाताखाली ठेवला."

केलेमेते तिच्याकडे पाहत राहिला. "चालू फोन ठेवलास, वहिनी?"

"पूर्ण चार्ज करून ठेवला. मुलाला रिकामा कसा देऊ?"

पाद्रीबाबांनी घड्याळाकडे पाहिले आणि हात मागे घेतला. केलेमेतेने खिशातून स्क्रू काढायचे हत्यार काढले. "सहा स्क्रू आहेत, आई. दोन मिनिटांचं काम."

"ठेव ते खाली."

"आई, मग दादाचा आवाज कसा येणार?"

"झाकणावर प्रार्थना झालेली आहे. आणि या पोरीने एकदा त्याचं तोंड झाकलेलं पाहिलंय. दुसऱ्यांदा मी तिला पाहू देणार नाही." सलाफाई उठली. काठी न घेता ती खांबापर्यंत गेली आणि त्या निळ्या दिव्यापुढे उभी राहिली. मग तिने विचारले, "हा त्याच्याच फोनला धरून बसलाय ना?"

"हो."

"मग त्याच्या फोनवर कोणी बोललं, तर ते यातून ऐकू येईल?"

केलेमेतेच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "येईल," तो हळू आवाजात म्हणाला. "हे बटण दाबलं की फोन घेता येतो. मासे साफ करताना हात ओले असायचे त्याचे."

"तर सोलोमोनाला सांग, मुलाला फोन कर म्हणावं."

केलेमेतेने टोपलीतून आपला फोन शोधून काढला, चालू केला आणि आवाराकडे पाठ करून भावाला सारे सांगितले. "दादा, ऐकतोयस ना?" त्याने दोनदा विचारले. फोन बंद झाला.

गाव वाट पाहू लागले. ज्यांनी शवपेटी उचलायची ते चौघे अर्धवट उठलेले होते. ते पुन्हा बसले.

घंटी वाजली. आधी तिचा बारीक आवाज शवपेटीच्या लाकडातून आला आणि त्यावर लगेच खांबावरून मोठा. लुपेने दोन्ही तळवे चटईवर दाबून धरले. सलाफाईने तिसऱ्या घंटीला बटण दाबले.

सोलोमोनाने रात्रभर जागून निरोपाचे शब्द लिहिले होते. पहाटे ते आईला वाचूनही दाखवले होते. त्या कागदाची सळसळ आता साऱ्या आवारात स्पष्ट ऐकू आली. मग सळसळ थांबली. बापाने घसा साफ केला आणि इतकी वर्षे दर रविवारी मुलाला फोन लागल्यावर तो जे सगळ्यात आधी विचारायचा, तेच त्याच्या तोंडून निघून गेले.

"कुठे आहेस रे?"

सलाफाईने कपाळ खांबाला टेकले.

"घरीच आहे," ती म्हणाली. "बोल तू."