तिखट चरबी

रात्रीतून तळं गोठलं होतं आणि फ्लेमिंगोंचे पाय बर्फात अडकले होते. ऊन वर येईपर्यंत त्यांना उडता येणार नव्हतं. सेबेरिना काठी घेऊन सगळ्यात जवळच्या पक्ष्यापाशी पोचली, तेवढ्यात तळ्याचा राखणदार फाउस्टो धावत आला आणि त्यानं मागून काठी धरली.

"सोड," ती म्हणाली. "बाबा रक्त थुंकतायत. दवाखान्यातल्या गोळ्या त्यांनी चुलीत टाकल्या. फ्लेमिंगोची चरबीच आण म्हणतात. ते खाणीत होते तेव्हा सगळे त्यानंच बरे व्हायचे म्हणे."

"बरे झालेले किती पाहिलेस?"

तिची काठीवरची पकड सैल झाली. पंख मारमारून पक्षी दमला होता. मान उंच करून दोघांकडे बघत होता.

"घरी जा," फाउस्टो म्हणाला. "चरबी मी आणतो."

घरी लामा या लोकरीच्या जनावराची चरबी होती, ती त्यानं वितळवली. फ्लेमिंगोचा रंग यावा म्हणून चिमूटभर लाल मिरची टाकली, बाटलीत भरली. दवाखान्यातून आठवड्याच्या गोळ्या घेतल्या आणि संध्याकाळी सेबेरिनाच्या बाबांच्या, निकानोरच्या, अंथरुणाशी जाऊन बसला.

"ताता, ही चरबी. पण पथ्य आहे हं. गोळ्यांबरोबर घेतली तरच लागू पडते."

म्हाताऱ्यानं बाटली उजेडात धरली, हुंगली. मग बराच वेळ फाउस्टोच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"आण," म्हणाला.

तळ्याभोवतीच्या लिपेसच्या पठारावर वारा माणसाला उभं राहू देत नाही. त्या वाऱ्यातून, मिठाचं रान तुडवत, फाउस्टो दर रविवारी गोळ्या आणि बाटली घेऊन यायचा. दार लोटताना दर वेळी तो आधी चुलीकडे बघायचा. खोटं उघडं पडलं, तर म्हातारा सगळं पुन्हा चुलीत घालणार. पण रक्त थांबलं. मग खोकला थांबला. निकानोर किन्वाची पेज मागून मागून पिऊ लागला. सहा महिने भरले आणि डॉक्टरनं सांगितलं, छाती साफ आहे.

त्या रविवारी म्हातारा स्वतः दारात उभा होता. त्यानं विणलेली कानटोपी आपल्या हातानं फाउस्टोच्या डोक्यावर चढवली.

"देव तुझं भलं करो, पोरा."

फाउस्टोला राहवेना. "ताता, एक सांगायचं राहिलंय. ती चरबी…"

"लामाची. वर मिरची. सहा महिने घसा भाजला माझा."

"कळलं होतं? मग गोळ्या का घेतल्यात?"

निकानोर हसला. आता हसताना त्याला खोकला येत नव्हता.

"तळ्यावरचं एक पाखरू मरू नये म्हणून जो एवढं खोटं बोलतो, तो मला कसा मरू देईल? म्हटलं, घ्याव्यात."