थोरल्याचं नाव

"अस्सल वही आणलीस ना? नक्कल चालायची नाही," पेन्शन कचेरीतले कारकून मिस्टर ब्लँक्सन म्हणाले.

एकुआने कापडात गुंडाळलेली चर्चची बाप्तिस्म्याच्या नोंदींची जाडजूड वही टेबलावर ठेवली. गावच्या उपदेशकांनी ती एका दिवसासाठी दिली होती. लॉरीत ती मांडीवर धरूनच एकुआ अक्राला पोचली होती.

गव्हर्नरच्या पगार समितीने जुन्या सरकारी नोकरांना वाढ मंजूर केली होती. समितीची चौकशी चालू असताना जे वारले, त्यांच्या विधवांना फरक आणि पेन्शन मिळणार होतं. मात्र जन्माची नोंद दाखवायला हवी होती. वडिलांना जाऊन सात आठवडे झाले होते. आईला दुसरा आधार नव्हता.

"आज तिघांना परत पाठवलंय," ब्लँक्सन चष्मा पुसत म्हणाले. "एकाचं वय तर कागदावर त्याच्या मुलाहून कमी! समितीला काय खुळी समजता?"

"माझे वडील तसले नव्हते, साहेब. तेहतीस वर्षं टपाल लावलं, एक पत्र चुकीच्या खणात गेलं नाही."

"मेल्यावर सगळ्यांचे बाप असेच असतात, पोरी. नाव?"

"एबेनेझर अमिसा."

ब्लँक्सननी पान काढलं. "अठराशे चौऱ्याण्णव. टपाल खात्याच्या नोंदीशी जुळतंय." त्यांनी शिक्का उचलला, आणि तो हातातच राहिला.

एकुआने वाकून पाहिलं. समासात पाद्रीबुवांनी तांबड्या शाईने लिहिलं होतं: 'देवीच्या साथीत वारला. वय सात. मागे धाकटा भाऊ कोफी, बाप्तिस्मा नाही.'

कोफी. आई वडिलांना घरात याच नावाने हाक मारायची.

एकुआला बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती.

"मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "पण काम तर त्यांनीच केलं ना, साहेब?"

ब्लँक्सन उठले. त्यांनी दार लावून घेतलं, परत येऊन बसले आणि अर्जावर शिक्का मारला. मग वही मिटून ती स्वतः कापडात नीट बांधली.

"वाटेत कुणाला उघडू देऊ नकोस," ते हळू म्हणाले. "आणि उपदेशकांना सांग, याच वहीतलं माझ्या थोरल्या भावाचं पान बघायला कुणी आलं, तर वही वाळवीने खाल्ली म्हणावं."