तीनपैकी एक शर्यत

“दुसरीही गेली,” मास्तर म्हणाले. “आता एकच उरली. हवं तर चहा पिऊन घे.”

त्यांच्या मुलीने कंट्रोलर मांडीवर ठेवला. पहिली शर्यत ती नऊ सेकंदांनी हरली होती, दुसरी बारा सेकंदांनी. प्रगती होती, दिशा चुकीची होती.

पैज मास्तरांनीच लावली होती. अडतीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. अर्धं गाव त्यांची बोलणी खात गाडी शिकलं होतं. आता त्यांच्या लायसन्सच्या नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला हवा होता. न तपासता सही देणारे एक डॉक्टर ओळखीचे होते. त्यांनाही गाडी मास्तरांनीच शिकवली होती. मुलगी स्कूलचं ऑफिस सांभाळायची. तिचं म्हणणं, दाखला खरा हवा. मागच्या आठवड्यात मास्तरांनी शिकवणीची गाडी फाटकाच्या खांबाला घासली होती आणि खांब पुढे आला होता असं शांतपणे सांगितलं होतं. सोमवारपासून नवी बॅच होती. गाडीत नवशिकी माणसं असणार होती, रस्त्यावर बाकीची.

“डोळेच तपासायचेत ना? मग इथे तपास,” असं म्हणून त्यांनी जुना कन्सोल टीव्हीला जोडला होता. गाड्यांचा खेळ. आधी एकाने पळायचं, मग दुसऱ्याने. ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. “तीनपैकी एक जरी जिंकलीस तरी मुकाट्याने डोळे तपासायला येतो. नाहीतर त्या ओळखीच्या सहीचा फॉर्म तू स्वतः नेऊन द्यायचास. तेही हसतमुखाने.”

कन्सोल मुलीच्या शाळेच्या दिवसांतला. तिने तो कॉलेजात गेल्यावर सोडला, मास्तरांनी कधीच नाही. मागच्या वर्षी जावयाने नवा आणून दिला. त्यात समोरच्या काचेवरचे पावसाचे थेंबसुद्धा मोजता यायचे. मास्तर दहा मिनिटं खेळले, “यात काही राम नाही” म्हणाले आणि तो परत खोक्यात भरला. त्या दिवशी जेवताना जावयाने सगळ्यांना समजावून सांगितलं, की माणसं जुने खेळ खेळतात ती हरवलेलं बालपण शोधण्यासाठी. कुठेतरी वाचलं होतं त्याने.

“जावईबापू, माझ्या बालपणी घरात वीज नव्हती,” मास्तर म्हणाले होते. “मला काय आवडतं सांगू? हा खेळ अपडेट मागत नाही, पासवर्ड मागत नाही. ट्रक काल ज्या वळणावर आडवा आला, त्याच वळणावर आजही येतो. आणि हरलो तर चूक आपली. कंपनीला फोन लावायला नको.”

घरचे हसले होते. म्हाताऱ्या माणसाचे म्हातारे नाद.

हरणाऱ्याने ट्रॅक निवडायचा आणि जिंकणाऱ्याने आधी पळायचं, हा घरातला नियम. मुलगी यादीत खाली खाली जात राहिली. अगदी तळाला एक चित्र होतं: आरसा. नेहमीचाच घाटातला रस्ता, तीच वळणं, फक्त डाव्याचं उजवं केलेलं. हा रडीचा डाव आहे हे तिला कळत होतं. पण सोमवार दोन दिवसांवर आला की चाळिशीतली बाईसुद्धा रडीचा डाव खेळते. मास्तर आरडाओरडा करतील म्हणून तिने उत्तरही तयार ठेवलं.

पडद्यावर ताटाएवढा आरसा झळकला. मास्तर काहीच बोलले नाहीत.

“बाबा, हा चालेल?”

“कुठलाही दे गं. सगळे पाठ आहेत.”

शर्यत सुटली. पहिलं वळण उजवीकडे होतं. मास्तरांनी झोकात गाडी डावीकडे घातली आणि डोंगरावर आपटली.

“एका बाजूला ओढतेय गाडी,” ते म्हणाले.

दुसरं वळण डावीकडे होतं. गाडी उजवीकडे गेली, कठड्याला घासत, वेग जराही कमी न करता. पुढे सरळ रस्ता आला. तिथे त्यांनी एका नसलेल्या ट्रकला सफाईने बगल दिली आणि असलेल्या ट्रकवर जाऊन आदळले.

“बटणं खराब झालीत. बाकी काही नाही.”

मुलीला आनंद व्हायला हवा होता. आता तिने रांगत गाडी नेली असती तरी ती जिंकली असती. पण ती पडद्याकडे बघत नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती. त्यांची नजर टीव्हीच्या मधोमध खिळली होती, शांत, कुठेच न हलणारी. फक्त अंगठे हलत होते, पाढे म्हटल्यासारखे, प्रत्येक वळणाच्या क्षणभर आधी. नवा कन्सोल दहा मिनिटांत खोक्यात का गेला, ते तिला आत्ता कळलं. त्यातले रस्ते दर खेळाला बदलायचे, पाठ करता येत नव्हते.

गाडी पुन्हा कठड्याच्या दिशेने सुसाट निघाली. मुलीने हात लांबवून मास्तरांच्या कंट्रोलरवरचं मधलं बटण दाबलं. इंजिनाचा आवाज थांबला. चित्र जागच्या जागी गोठलं.

मास्तरांचे अंगठे आणखी दोन वळणं घेऊन थांबले.

“ब्रेक कोणी दाबला?”

“मी.”

शिकवणीच्या गाडीत दुसरा ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो. अडतीस वर्षांत तो मास्तरांशिवाय कुणी दाबला नव्हता. त्यांनी कंट्रोलर हळूच जमिनीवर ठेवला, हाताने चाचपून, नीट सरळ.

“उशिरा दाबलास,” ते म्हणाले.